मुळशीच्या घाटवाटा आणि अडलेले ओझे

रस्त्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रस्ता कोणी बांधविला, कोणत्या साली तो खुला झाला, त्याला खर्च किती आला आणि त्याच्यावर जकातीचे नाके कोठे बसले, याची नोंद मोठ्या निष्ठेने ठेवलेली आहे. परंतु त्याच रस्त्यावर आस मोडला, तोफ रुतली, बैल बसला किंवा मोटारीचा दम चढावावर तुटला, तेव्हा अडलेले ओझे कोणी हलविले आणि त्याचा मोबदला त्याला मिळाला की नाही, हे सांगण्याची तसदी दप्तराने क्वचितच घेतली आहे. पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड अशा क्रमाने मुळशीच्या जलाशयाकडे आणि तेथून ताम्हिणीच्या घाटाने कोकणात उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पेट्रोल पंपाच्या शेजारी किंवा एखाद्या टपरीच्या मागल्या अंगाला, जाड लोखंडी बाहू उंच करून उभ्या असलेल्या क्रेन आज कोणाही प्रवाशाच्या दृष्टीस पडतात. त्यांच्या पाठीमागे जो पूर्वेतिहास आहे तो यंत्रांचा जेवढा आहे त्याहून अधिक माणसांच्या एका जुन्या व अनाम कामाचा आहे. आणि सह्याद्रीच्या या टापूत ते काम कधी सक्तीने, कधी वेळापत्रकाने आणि कधी रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या केलेल्या घासाघिशीने कसे पार पडत आले, हे पाहण्यासारखे आहे.

मुळशी तालुक्याचा पश्चिमेकडील भाग म्हणजे प्रत्यक्ष सह्याद्रीचा माथा. मुळा, मुठा, मोसे या नद्यांची खोरी याच बाजूला कड्यालगत सुरू होऊन पूर्वेकडे उतरतात, आणि मोसे खोऱ्यात पासलकर, मुठे खोऱ्यात मारणे अशी देशमुख घराणी शिवकालापूर्वीपासून आपापली वतने सांभाळून होती. तैलबैल्याच्या जुळ्या कातळभिंतींजवळून सवाष्णी आणि वाघजाई यांसारखे घाट कोकणात उतरतात. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात सह्याद्रीतील अशा वाटांची लांबलचक यादी आढळते. परंतु बोरघाटासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांतील बहुतेक वाटा पायी चालणाऱ्यांच्या किंवा लादणीच्या बैलांच्याच होत्या. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचे आणि देशावरचे धान्य त्याच पाठीवरून खाली जायचे. अशा वाहतुकीत ओझे अडण्याचा प्रसंग फारसा येत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. एक बैल बसला तर त्याची गोणी सोडून दोन बैलांवर वाटून टाकता येते आणि तांडा पुढे चालू लागतो. अडण्याचा खरा प्रश्न चाकाबरोबर जन्माला येतो, कारण चाकावरचे ओझे अखंड असते आणि ते उचलण्याचे सामर्थ्य ते वाहणाऱ्या जनावरांच्या अंगी नसते.

घाटावरच्या राज्यकर्त्यांना या चाकांची फारशी निकड वाटत नव्हती, किंबहुना वाट बिकट असणे हेच त्यांना इष्ट होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाचे मार्ग सुगम असू नयेत असा जो अभिप्राय आहे, त्यात एका संपूर्ण राजनीतीचे सार आले आहे. कोराईगड, घनगड, कैलासगड हे मुळशीतले किल्ले पाहिले म्हणजे वाटेच्या अवघडपणाला तटबंदीइतकेच मोल कसे होते, ते कळते. तरीसुद्धा तोफ, लाकूड, चुन्याची घाणी, धान्याची कोठारे हे सारे कोणाला तरी वर चढवावे लागेच, आणि ते चढविणाऱ्यांसाठी राज्यव्यवहारात एक रोकडा शब्द होता: वेठ. इनामाच्या सनदांतून पट्ट्यांच्या यादीबरोबर ‘वेठबेगार’ माफ केल्याचा उल्लेख येतो. ज्याला सनद मिळाली त्याला जे माफ झाले ते इतर साऱ्या रयतेकडून येणे होते, एवढा अर्थ त्यातून सहज निघतो. सरकारी सरंजाम गावच्या शिवेत आला की पाटलाने माणसे आणि बैल पुरवायचे, पुढल्या गावच्या शिवेपर्यंत तो पोहोचवायचा आणि परत यायचे, असा हा प्रकार. त्यातही सर्वांत जड वाटा गावच्या महारांकडे येई, कारण सरकारी ओझी वाहणे आणि अंमलदारांची तैनात करणे हे त्यांच्या वतनाचेच अंग मानले गेले होते. इंग्रजी अमदानीतही ही रीत सरकारच्या सोयीची असल्यामुळे टिकून राहिली. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, त्यामागे या अहोरात्र राबणुकीची जाच करणारी वस्तुस्थिती होती. आणि कनिष्ठ गावकी वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. अडलेल्या गाडीला हात लावणे हे परोपकाराचे किंवा व्यवसायाचे काम आहे, ही कल्पना आपल्याला आज स्वाभाविक वाटते. शेकडो वर्षे ती तशी नव्हती.

ओझे हेच शत्रू कसे होऊ शकते याचा या परिसरातला सर्वांत बोलका दाखला इंग्रजांनीच घालून दिलेला आहे. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून वर आली. सैन्य सुमारे ३,९०० आणि त्याच्याबरोबर सामान वाहणारे बैल १९,००० असे प्रमाण होते. इतका पसारा घेऊन घाटमाथ्यावर आल्यावर त्या फौजेची गती रोजच्या मैलाच्या आतच राहिली. मराठ्यांनी पुढचा मुलूख वैराण केला होता, दाणावैरण मिळेना, आणि घोडेस्वारांच्या टोळ्या बाजूंनी सतत लचके तोडीत होत्या. कार्ल्याच्या आसपास कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला मराठ्यांनी मोठ्या कौतुकाने ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, तो तोफेच्या गोळ्याने पडला. फौज तळेगावी पोहोचली तेव्हा पुणे जेमतेम एक मोठी मजल दूर होते, पण तेथेच सेनापतींचे धैर्य संपले, आणि ११ जानेवारी १७७९ च्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून, सामान पेटवून देऊन, परतीची वाट धरण्यात आली. वडगावला त्यांची पुरती कोंडी होऊन अपमानकारक करार पत्करावा लागला. या पराभवाचे श्रेय महादजी शिंदे व नाना फडणीस यांना देणे योग्यच आहे. पण त्या १९,००० बैलांचाही त्यात वाटा होता असे माझे मत आहे. ज्या सैन्याला आपले ओझे पुढे नेता येत नाही आणि मागे फिरविताही येत नाही, त्याचा पराभव लढाईआधीच ठरून गेलेला असतो.

इंग्रजांनी हा धडा चांगला लक्षात ठेवला. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने बोरघाटाची वाट तोफा जाण्याजोगी करून घेतली, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत चाकाच्या गाड्यांना चालेल असा नवा रस्ता तेथे खुला झाला. त्यानंतर आगगाडी आली. १८५६ ते १८६३ या अवधीत बोरघाटाचा लोहमार्ग बांधला गेला, त्यात पंचवीस बोगदे खणावे लागले आणि हजारो मजूर पटकीने व अपघातांनी मेले. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखविली आणि बक्षिसाऐवजी त्याला गोळी मिळाली, अशी लोककथा आहे. घाटात त्याचे देऊळ आहे, आणि ड्रायव्हर मंडळी तेथे आजही नाणे टाकून पुढे जातात. कथेचा खरेखोटेपणा कसाही असो, वाट दाखविणाऱ्याचे नाव दप्तरात नाही आणि देवळात आहे, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

आगगाडीने मात्र एक अशी गोष्ट केली की जी सडकेने आजतागायत पुरती केलेली नाही. बोरघाटाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे, आणि एकट्या इंजिनाला भरलेली गाडी त्यावरून ओढता येणार नाही हे बांधणाऱ्यांना आधीच ठाऊक होते. म्हणून कर्जतला गाडी थांबावयाची, तिच्या पाठीशी जादा इंजिने लागावयाची, आणि लोणावळ्याला ती सुटावयाची, हा परिपाठ ठरून गेला. आजही कर्जतच्या फलाटावर ‘बँकर’ लागण्याची वाट पाहणारा प्रवासी वडापाव खाऊन घेतो. पुढे विजेची इंजिने आली, त्यांतील एका जातीला रेल्वेच्या कामगारांनी ‘खेकडा’ म्हणून टाकले. उतारावर गाडी सुटलीच तर तिला चढणीच्या फाट्यावर वळवून थोपविण्यासाठी अडकण-मार्गही घालण्यात आले. संकट येणार हे गृहीत धरून त्याचे निवारण वेळापत्रकातच लिहून ठेवावयाचे, साहाय्याला अपवाद न समजता नियम समजावयाचे, ही दृष्टी रेल्वेची. सडकेच्या खात्याने चढ बांधला, वळणे बांधली, मैलाचे दगड रोवले, आणि त्या चढावर जो अडेल त्याने आपले पाहून घ्यावे असे मानले.

मुळशीत यंत्रयुगाचे आगमन झाले ते मात्र गाड्या चालविण्यासाठी नसून नदी अडविण्यासाठी. टाटांच्या वीज योजनेसाठी मुळा-निळा संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले, मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार असे निष्पन्न झाले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहाला प्रारंभ केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढ्याच्या शेवटच्या पर्वात, १९२४ च्या अखेरीस, बापटांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी रुळांवर अडविली, पिस्तूल वापरले आणि त्यापायी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. या टापूतील अडलेल्या वाहनांच्या वृत्तांतात हे एकच वाहन असे आहे की ज्याला चढाने, चिखलाने वा तुटलेल्या आसाने अडविले नव्हते. धरण पुरे झाले, १९२७ च्या सुमारास त्याचे पाणी कड्याखालच्या भिऱ्याच्या वीजगृहात पडू लागले, मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. आणि ज्या खोऱ्यातून वीज गेली त्या खोऱ्याचा रस्ता पुढे कित्येक वर्षे कच्चाच राहिला.

मोटारींना संकटात साह्य करणारी संघटित व्यवस्था पश्चिम हिंदुस्थानात प्रथम उभी राहिली ती मुंबईच्या मोटारवाल्या धनिकांसाठी. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था १९१९ सालची. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९१६ मध्ये, अमेरिकेतील चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याने ओढ्यात कोसळलेली एका ओळखीच्या गृहस्थाची मोटार दोर, ठोकळे आणि माणसे लावून दिवसभराच्या श्रमाने बाहेर काढली होती, आणि त्या त्रासातून सुचलेली कप्प्यांची व खांबांची रचना त्याने एका जुन्या मोटारीवर चढवून ओढगाडीचा पहिला नमुना तयार केला होता. आपल्याकडे ही विद्या फार उशिरा, आणि तीही आडवाटेने पोहोचली. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने अमेरिकन बनावटीचे ट्रक ‘डिस्पोजल’ म्हणून लिलावात काढले. पुण्याच्या अवतीभवती खडकी, देहूरोड अशी लष्करी ठाणी असल्यामुळे असला माल या भागात पुष्कळ फिरला. ज्याला ट्रक परवडला त्याने माल वाहिला. पण काही कारागिरांनी जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर लोखंडी तुळया जोडून, मागे हाताने फिरवावयाचे रहाट बसवून, घरची क्रेन बनविली. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी वायररोपची वेटोळी, चेन-कुप्प्या, तुटके जॅक, शॅकल ही सामग्री चांदीच्या भावाने नव्हे तर भंगाराच्या भावाने मिळत असे, आणि या धंद्यातल्या कित्येकांचे भांडवल तेवढेच होते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली. दापोडीला मध्यवर्ती कार्यशाळा झाली आणि पुढे खेडोपाडी लाल गाड्या जाऊ लागल्या. मुळशी, ताम्हिणीकडच्या वाटेवर एस.टी. बंद पडली म्हणजे कंडक्टर मागून येणाऱ्या वाहनाच्या हाती डेपोला निरोप धाडी आणि उतारू झाडाखाली बसून राहत. ब्रेकडाऊनची व्हॅन संध्याकाळी आली तर नशीब. ट्रकवाल्यांना तेवढाही आधार नव्हता. त्यांचा कायदा एकच होता: रस्त्यात अडलेला दिसला तर थांबायचे. मागून आलेल्या गाडीने काथ्याचा सोल किंवा साखळी लावून अडलेल्या गाडीला टोचन करून पहिल्या गावापर्यंत आणून सोडायचे आणि चहापलीकडे काही घ्यायचे नाही, ही बिरादरीची रीत अनेक वर्षे चालली. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या बैलांच्या जोड्याही या कामी जुंपल्या जात. पुढे ट्रॅक्टर आले आणि बैलांची सुटका झाली. मुळशीच्या पश्चिम भागात पहिली मदत आजही ट्रॅक्टरचीच असते. क्रेन मागून येते.

रीत मोडली ती वजनाने. पन्नाशीच्या दशकात टाटा-मर्सिडीजचा जो ट्रक जमशेदपूरहून येऊ लागला तो चार-पाच टनांचा माल वाहणारा होता. त्याला दुसरा तसलाच ट्रक ओढू शके. पुढे दहा टायरांच्या, बारा टायरांच्या, मग कंटेनरच्या लांबलचक गाड्या आल्या. २०१८ साली केंद्र सरकारने मर्यादा आणखी वाढविली. तीन आसांच्या ट्रकचे भरलेले वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर आणि सर्वांत मोठ्या जोडगाडीचे ४९ टनांवरून ५५ टनांवर गेले. साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडला टेल्को आली आणि तिच्या पाठोपाठ सुट्या भागांच्या कारखान्यांची रांग पिरंगुटपर्यंत पसरली; नव्वदीत हिंजवडीची माहिती तंत्रज्ञाननगरी उभी राहू लागली आणि तिच्या इमारतींसाठी सिमेंटचे मिक्सर, लोखंडाच्या सळया, वातानुकूलन यंत्रे व ट्रान्सफॉर्मर यांची रीघ लागली; कासारसाई-दारुंब्र्याच्या संत तुकाराम साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर हंगामभर डुलत जाऊ लागले; आणि घाटाखाली विळे-भागाडच्या औद्योगिक क्षेत्रात पोलादाचा कारखाना निघाल्यावर पत्र्याच्या जड गुंडाळ्या वाहणारे ट्रेलरही या टापूच्या ओळखीचे झाले. असल्या ओझ्यापुढे चहावर होणारी मदत निरुपयोगी होती. तेथे हायड्रा क्रेन पाहिजे, विंच पाहिजे, आणि ते चालविणारी माणसे पाहिजेत.

ही माणसे काय करतात ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. ताम्हिणीच्या एखाद्या वळणावर भरलेला दहा टायरी ट्रक आतल्या बाजूच्या चरात उतरला आहे, पुढचे डावे चाक दिसेनासे झाले आहे, पाऊस चालू आहे आणि मागे दोन्ही बाजूंना मैलभर गाड्या तटल्या आहेत, अशी कल्पना करा. क्रेनवरचा वडीलधारा माणूस उतरल्यावर प्रथम दोराला हात लावीत नाही. तो बॅटरी घेऊन गाडीभोवती एक फेरी घालतो, पोराला चाकांमागे दगड लावायला सांगतो, आणि मग ड्रायव्हरजवळ येऊन विचारतो, “मामा, माल काय हाय? आन् हवा धरतीय का?” हे दोन्ही प्रश्न मर्माचे आहेत. माल पातळ असेल, म्हणजे टँकर असेल, तर तो हलल्याबरोबर तोल बदलतो. माल पत्र्याचा गुंडाळा असेल तर साखळदंड तुटून तो स्वतःच निघून येण्याची भीती. हवेचा प्रश्न ब्रेकचा आहे. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेच्या दाबाने सुटतो आणि दाब गेला की मागच्या चाकांवरची स्प्रिंग तो आपोआप आवळून धरते. इंजिन बंद पडून टाकीतली हवा उतरली असेल तर गाडी जागची हलणार नाही आणि जबरदस्तीने ओढली तर टायर घासत येतील. म्हणून क्रेनच्या टाकीतून नळी जोडून हवा भरायची, किंवा गाडीखाली आडवे पडून प्रत्येक चेंबरच्या मागचा बोल्ट पान्याने फिरवीत ती स्प्रिंग हाताने दाबून धरायची. भर पावसात, चिखलात, तीस टनांच्या सांगाड्याखाली हे काम करणाऱ्या पोराचे वय पुष्कळदा विशीच्या आतबाहेर असते.

त्यानंतर गाडी दूरवर न्यायची असेल तर प्रॉपेलर शाफ्ट सोडतात किंवा मागचे एक्सल ओढून काढतात. कारण इंजिन बंद असताना चाकांनी गिअर फिरत राहिले तर आतले तेल वर चढत नाही आणि दहा-वीस किलोमीटरांत गिअरबॉक्स जळून जातो. नवख्या ओढणाऱ्याची ही हमखास चूक, आणि तिचा भुर्दंड गाडीच्या मालकाला. मग येते प्रत्यक्ष ओढ. गाडी ज्या मार्गाने चरात गेली त्याच मार्गाने तिला मागे घ्यायचे, आडवे खेचायचे नाही. वायररोप सरळ न लावता गाडीला बांधलेल्या पुलीतून फिरवून परत क्रेनलाच आणून बांधला की ओढ दुप्पट होते आणि गती निम्मी. घाईत असलेल्या प्रवाशांना तो संथपणा आळस वाटतो. ताणलेल्या दोरावर भिजलेले बारदान टाकून ठेवतात, म्हणजे तो तुटलाच तर चाबकासारखा उसळत नाही. आणि दोराच्या रेषेत कोणी उभे राहिले तर एरवी मृदू बोलणारा तो वडीलधारा माणूस जी भाषा वापरतो ती येथे लिहिता येणार नाही. हाताचा इशारा एकाच माणसाने द्यायचा असतो. बाजूला जमलेले शंभर जण ‘अजून घ्या, अजून घ्या’ म्हणून ओरडत असतात, त्यांच्याकडे ऑपरेटर पाहतही नाही.

अपघात असेल तर या साऱ्याच्या आधी पंचनामा. पोलीस येईपर्यंत, मोजमापे होईपर्यंत गाडी हलविता येत नाही, आणि तो वेळ क्रेनवाल्याच्या हिशेबात कोठेच मांडला जात नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोडून दिलेली वा वाहतुकीस अडथळा करणारी गाडी उचलून नेण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि त्याचा खर्च मालकावर टाकला. पण उचललेली गाडी जप्त होऊन ठाण्याच्या आवारात उभी राहते, कोर्टाच्या हुकुमाने सुपूर्दनामा होईपर्यंत तिच्यावर गवत वाढते, आणि ओढणाऱ्याची मजुरी कोणाच्या खात्यातून सुटणार, हा प्रश्न लोंबकळत राहतो. म्हणूनच हा व्यवसाय रोखीचा झाला, आणि रोखीचा झाल्यामुळेच बदनाम झाला. रात्री दोन वाजता घाटात सांगितला जाणारा आकडा ऐकून गाडीमालक फोनवरच कपाळाला हात लावतो. अडला हरी, असे म्हणून पैसे मोजतो. लुबाडणारे या धंद्यात नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु वर्षातले आठ महिने उभ्या राहणाऱ्या यंत्राचे हप्ते, डिझेल, तुटलेला वायररोप आणि पावसाळ्यात दरडीखाली उभे राहण्याची जोखीम, या सर्वांची बेरीज त्या आकड्यात असते, आणि ठरलेला दर नसल्यामुळे ती बेरीज आणि लबाडी यांतली सीमारेषा दोघांनाही दाखविता येत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा रस्त्याच्या व्यवस्थेतच क्रेन, गस्त आणि रुग्णवाहिका धरण्यात आल्या. म्हणजे रेल्वेच्या बँकरचे तत्त्व सुमारे एकशे चाळीस वर्षांनी सडकेने अंशतः स्वीकारले, पण पथकर भरणाऱ्यांपुरते. चांदणी चौकात जेथे बाह्यवळण आणि पौड रस्ता मिळतात, तेथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुरुंगाने उडविण्यात आला. स्फोटाने तो पुरता पडला नाही, उरलेला सांगाडा यंत्रांनीच तोडावा लागला. आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी तेथील नव्या पुलांचे उद्घाटन झाले. त्या चौकातून जाणाऱ्या महामार्गावर आणि त्याच्या पश्चिमेला मदतीची दोन निरनिराळी जगे आहेत. महामार्गावर १०३३ या मदतीच्या क्रमांकाला उत्तर देण्याची कोणाची तरी नेमलेली जबाबदारी असते. ताम्हिणीच्या खोल वळणांत मोबाइललाच रेंज नसते; तेथे खालून येणाऱ्या गाडीच्या हाती पौडला निरोप धाडण्याची एस.टी.च्या काळातली पद्धत अजून मोडलेली नाही, आणि विंझाईच्या देवळाजवळ थांबलेला कोणी ना कोणी तो निरोप घेऊन जातोच.

अलीकडे विम्याच्या पॉलिसीबरोबर रस्त्यावरील मदतीची सेवा विकत मिळू लागली आहे. गाडी बंद पडली की मालक एका फुकट क्रमांकावर फोन करतो, तो दूरच्या कोणत्या तरी शहरात उचलला जातो, तेथील मुलगी नकाशावर मुळशी शोधते आणि शेवटी पिरंगुटच्या किंवा भूगावच्या त्याच क्रेनवाल्याला फोन लावते ज्याचा क्रमांक टपरीच्या पत्र्यावर रंगविलेला आहे. तिच्याजवळ किलोमीटरचा ठरीव दर असतो. क्रेनवाला तिला समजावून सांगतो की गाडी रस्त्यावर उभी नाही, चरात आहे, आणि चरातून काढणे वेगळे व नेणे वेगळे. ती सांगते की तिच्या यादीत असा प्रकार नाही. मग फोन ठेवला जातो, थोड्या वेळाने पुन्हा वाजतो, काढण्याचे पैसे मालकाने जागेवर रोख द्यावेत आणि नेण्याचे कंपनीने द्यावेत असे ठरते, आणि क्रेन निघते.